अकरा काचेच्या वाट्या

सखूबाई भोईर हिचा डॉक्टरपेक्षा मिठावर जास्त विश्वास होता. दात दुखला, मीठ. पाय कापला, मीठ. पोराला ताप आला तर आधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट, आणि मग जमलं तर गोळी. यात तिचा काही दोष नव्हता. ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीच्या मागे खाडीला लागून मिठागरं होती, तिथे तिचा बाप राघो जन्मभर राबला. ती स्वतःही नीट चालता यायच्या आधीच टोपली डोक्यावर घ्यायला शिकली असेल. मिठाच्या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडायच्या, आणि त्या बऱ्या करायलाही बापाकडे मीठच असायचं. मीठ लागलं की काही सडत नाही, असं तो सांगायचा. बापाचं बोलणं तिने कधी तपासून पाहिलं नाही. बापाचं कोण तपासतं?

पुढे मिठागर बंद पडलं. टोपल्या माळ्यावर गेल्या. नवरा काळुराम एका कारखान्यावर वॉचमन म्हणून लागला आणि सखूबाईने रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला घरकामं धरली. ही ऐंशी-एक्क्याऐंशी सालची गोष्ट. चार घरं धरली, तीन सुटली, एक राहिलं. ते टेंभी नाक्याजवळचं, पहिल्या मजल्यावरचं, कर्णिकांचं.

त्या घरात तेव्हा वहिनीच असायच्या. साहेब म्हणजे गोपीनाथ कर्णिक बोटीवर इंजिनिअर, वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. मूलबाळ नव्हतं. वहिनी सखूबाईला समोर बसवून वालाचं बिरडं सोलायच्या आणि जगातल्या बंदरांची नावं सांगायच्या. त्यांनी स्वतः त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं. सत्त्याऐंशी साली वहिनी गेल्या. दोन वर्षांनी साहेब बोटीवरून कायमचे घरी आले, आणि येताना एक जेवणाचा डबा घेऊन आले.

त्या डब्यात ओली पानं होती. पानांत सहा बेडूक होते. कस्टमवाल्यांनी झाकण उघडून पाहिलं म्हणे, आणि साहेबांचं पथ्याचं जेवण असेल असं समजून पुन्हा लावलं. असं आणणं कायद्यात बसतं का, हे साहेबांनी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. हॉलंडमध्ये यान नावाचा त्यांचा बोटीवरचा जुना दोस्त होता. तो घरात असले बेडूक वाढवायचा, त्याने ते भेट दिले होते.

सखूबाईने बेडूक पुष्कळ पाहिले होते, पण असे नाही. जुन्या रुपयाएवढे, काळे कुळकुळीत, आणि अंगावर हिरवे पट्टे, ताज्या ऑइलपेंटचे मारल्यासारखे.

“हे विषारी आहेत,” साहेब कौतुकाने म्हणाले. “यांच्या जातभाईंचं विष तिकडचे शिकारी बाणाच्या टोकाला लावतात.”

सखूबाई दारापर्यंत मागे सरकली. “जहरी हायेत तं घरात कशाला आनलं, साहेब? आपल्याला कोनावर बान मारायचाय?”

साहेब खूप दिवसांनी हसले. मग त्यांनी तिला समजावलं, की हे विष बेडकाचं स्वतःचं नसतं. तिकडच्या जंगलातले मुंग्या-किडे खाऊन ते अंगात साठतं. घरात जन्मलेल्याला, घरचं खाऊन वाढलेल्याला विष नसतंच. सखूबाईला हे एकदम पटलं. माणसांचंही तिने असंच पाहिलं होतं.

त्या दिवसापासून तिच्या कामात एका कामाची भर पडली, आणि ते काम बाकी सगळ्या कामांना खाऊन बसलं. पिकलेलं केळं बाटलीत ठेवून त्यावर बारीक माश्या धरायच्या, कारण बेडूक हलतं तेच खातात. नळाचं पाणी दोन दिवस पिंपात ठेवून मग वापरायचं. शाळेच्या आवारातली बदामाची वाळकी पानं वेचून आणायची आणि पाण्यात टाकायची, म्हणजे पाणी चहासारखं होतं आणि त्यांना मानवतं. मे महिन्यात काचेच्या पेटीवर ओलं गोणपाट. शेजारच्या सरस्वतीबाई प्रधान नाकाला पदर लावून दारातूनच विचारायच्या, “मेले का गं?” आणि सखूबाई आतून ओरडायची, “नाय मेले!” जणू त्यांनी तिच्याच पोरांची चौकशी केली होती.

पण ते मरत होते. तीन वर्षांत सहाचे दोन झाले, एक नर आणि एक मादी. अंडी कितीदा झाली आणि दर वेळी बुरशीने गेली. साहेब प्रत्येक वेळी वहीत लिहायचे, यानला पत्र टाकायचे आणि चार दिवस जेवायला नको म्हणायचे. नोकरी गेली, बायको गेली, आणि या पिटुकल्या जिवांत त्यांनी स्वतःला गुंतवून घेतलं होतं. सखूबाईला ते दिसायचं. अंडी कुजली की तीही त्या दिवशी भात करपवायची.

ब्याण्णव सालच्या जूनमध्ये मात्र जमलं. पेटीत उपडी ठेवलेली करवंटी साहेबांनी उचलली, तर तिच्याखाली अंड्यांसाठी ठेवलेल्या बरणीच्या झाकणावर पाच काळे ठिपके. बारा दिवसांनी आणखी सहा. त्यानंतरच्या आठवड्यात उकाड्याने मादी गेली. म्हणजे आता पुन्हा अंडी होणार नव्हती, जे होतं ते हेच. अकराच्या अकरा अंड्यांतून पिल्लं निघाली. शेपटीवाली, पाण्यात वळवळणारी, जिऱ्याच्या दाण्याहून जराशी मोठी.

“प्रत्येकाला वेगळं घर द्यायचं,” साहेब म्हणाले. “एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात.”

“म्हंजे आमच्या कोपरीतल्या भाऊबंदांसारखीच की,” सखूबाई म्हणाली. तिकडे जागांचे भाव चढायला लागल्यापासून चुलत्या-पुतण्यांची तोंडं बंद झाली होती.

वहिनींचा श्रीखंडाच्या काचेच्या वाट्यांचा डझनाचा सेट होता, त्यातली एक पूर्वीच फुटली होती. अकरा उरल्या होत्या. साहेबांनी त्या सगळ्या काढायला सांगितल्या. नऊ वाट्या बाहेरच्या खोलीतल्या फळीवर मांडल्या, दोन मावेनात म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या.

याच सुमाराला साहेबांचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू होता, वर्षभर नजर कडेकडेने मिटत आली होती. बोटीवर ज्यांनी अंधाऱ्या इंजिनखोलीत स्क्रू शोधले ते साहेब आता दाराच्या चौकटीला खांदा मारून घेत होते. पुण्याला बहीण होती, तिने ऑपरेशनची तारीख घेतली. महिना-सव्वा महिना तिकडेच राहायचं होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघताना साहेबांनी सखूबाईला वाट्यांपुढे उभं केलं.

“पाणी, बदामाचं पान, आणि उकडलेल्या अंड्याचं पिवळं, चिमटीच्या चिमटीएवढं. बाकी काही नाही. काही नाही म्हणजे काही नाही. कळलं?”

“कललं.”

“ही शेवटची आहेत, सखूबाई.”

ते तिला माहीत होतं. तरी त्यांनी सांगितल्यावर तिने वाट्या पुन्हा एकदा मोजल्या.

दहा दिवस सगळं ठीक चाललं. मग एका दुपारी फळीवरच्या वाट्यांमध्ये तिला पांढरं काहीतरी दिसलं. कापसासारखं, तळाशी, आणि दोन-तीन पिल्लांच्या शेपटीला चिकटलेलं. खरं म्हणजे अंड्याचं पिवळं जास्त पडलं होतं आणि त्यावर बुरशी धरली होती. पाणी बदललं असतं तर भागलं असतं. पण सखूबाईला ते दिसलं तसं तिच्या डोळ्यांपुढे कुजलेली अंडी आली आणि साहेबांचं न जेवलेलं ताट आलं. सडायला लागली, तिच्या मनाने घेतलं. आणि सडण्यावर काय करायचं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तिने डब्यातलं खडेमीठ काढलं. प्रत्येक वाटीत एकेक खडा, देवाला फूल वाहावं तितक्या हलक्या हाताने सोडला. खिडकीतल्या दोन वाट्यांत कापूस नव्हता, त्या तिने तशाच ठेवल्या. मनाला बरं वाटलं. दाराला कुलूप लावून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाट्यांत नऊ पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

सखूबाई खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती वाट्यांकडे बघत राहिली. मिठाचे खडे विरघळून गेले होते, त्यांची खूणही नव्हती. ज्या वस्तूने तिचं सगळं घर, तिचा बाप, तिचे पाय सांभाळले, त्या मिठाने हे केलं असेल हे तिला खरंच वाटेना. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं. मग मात्र ती रडली.

नऊ मेलेली पिल्लं तिने अळूच्या पानात गुंडाळून मागच्या परसात पुरली आणि वाट्या घासून फळीवर उपड्या घातल्या. पुण्याचा फोन नंबर तिच्याकडे होता. खालच्या दुकानातून फोन करता आला असता. तीन दिवस ती त्या दुकानावरून गेली आणि आली.

रविवारी ती आंबिवलीला बहिणीकडे गेली. मंजुळा तिची पाठची बहीण, तिकडे शेतकऱ्याच्या घरात दिलेली. सखूबाईने तिला सगळं सांगितलं. मंजुळा ऐकून घेऊन हसत सुटली आणि तिला हाताला धरून बांधावर घेऊन गेली. लावणी झालेल्या भाताच्या खाचरात घोटाभर पाणी होतं, आणि पाण्यात बेडकांची काळी पिल्लं नुसती बुचबुचत होती.

“यी बग. तुजी नऊ मेली, आमच्याकडं नऊ लाख हायेत. ने किती पायजे तेवढी.”

“ती येगली होती, मंजू. लई लांबची.”

“शेपटीला काय नाव लिवलंय त्यांच्या? आनि तुज्या साहेबाला तं दिसत पन नाय.”

हे मंजुळा सहज बोलली, वाईट मनाने नाही. पण सखूबाईच्या मनात जी गोष्ट पुसट होती ती एकदम स्वच्छ उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तिने बहिणीची दुधाची किटली मागून घेतली. संध्याकाळी नऊ वाट्या पुन्हा भरल्या होत्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात साहेब परत आले. ऑपरेशनने उरलेली नजर वाचली, पण उरलं होतं तेच थोडं. उजेड कुठे, अंधार कुठे, समोर माणूस आहे की कपाट, एवढं कळायचं. बहिणीने त्यांना वर आणून सोडलं आणि ती दुसऱ्या दिवशी गेली. साहेब काठी टेकवत थेट फळीपाशी आले.

“किती आहेत?”

“अकरा,” सखूबाई म्हणाली. वाट्या अकरा होत्या, पिल्लंही अकरा होती. आकड्यात खोटं काही नव्हतं.

साहेबांनी एकेका वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा असा उजळला की सखूबाईने तोंड फिरवून घेतलं.

त्यानंतरचे दिवस तिला कधी विसरता आले नाहीत. साहेब रोज सकाळी खुर्ची ओढून फळीपाशी बसायचे आणि म्हणायचे, “हं, सांग. आज काय दिसतंय?” आणि तिला सांगावं लागायचं. तिने एक पथ्य पाळलं होतं, की जे डोळ्यांना दिसतं त्याच्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही. मागचे पाय फुटले, तिने सांगितलं. पुढचे फुटले, सांगितलं. शेपटी आखडली, सांगितलं.

“रंग?”

“मातकट हाय.”

“रंग मागून चढतो,” साहेब खुशीत म्हणायचे.

ती गप्प बसायची. खोटं बोलायचं सगळं काम साहेबांची आशाच परस्पर करून टाकत होती, आणि सखूबाईला फक्त तोंड मिटून राहायचं होतं. हे सोपं असेल असं तिला वाटलं होतं. ते अजिबात सोपं नव्हतं. तिचं अन्नावरचं लक्ष उडालं. काळुरामने विचारलं, काय झालंय, तर त्याच्यावर खेकसली.

खाचरातली ती नऊ साधी बेडकं साहेब आल्यापासून आठ दिवसांत वाट्यांतून पेटीत सोडण्याइतकी झाली आणि तिथे उड्या मारायला लागली. काचेवर टप्पकन आपटायची. साहेब कान देऊन ऐकायचे. “केवढा जोर आहे! जुन्यांच्या उडीचा आवाजसुद्धा यायचा नाही.” पेटीतला म्हातारा काळा-हिरवा नर एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, हे तिने त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

मग एके सकाळी ती आली तर टाइपरायटरचा आवाज येत होता. बोटांच्या सवयीने साहेब न बघता टाइप करत होते. पत्र संपल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं आणि आत काय लिहिलंय ते मराठीत सांगितलं. पुस्तकं म्हणतात या पिल्लांना पाण्याबाहेर यायला दहा-बारा आठवडे लागतात. ठाण्याच्या हवेत, बदामाच्या पानाच्या पाण्यात, नऊ पिल्लं सात आठवड्यांत बाहेर आली. हे नवीन आहे. यानच्या मंडळींचं एक छापील पत्रक निघतं, त्यात त्याने हे द्यावं.

“आणि शेवटी लिहिलंय,” साहेब म्हणाले, “की मी दवाखान्यात होतो. हे सगळं माझ्या घरी काम करणाऱ्या सखूबाई भोईर यांनी केलं. मिठागरातल्या आहेत, शाळेत गेलेल्या नाहीत, पण अकरातलं एकही पिल्लू त्यांनी जाऊ दिलं नाही.”

त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं. तिकिटं लावलेली होती.

सखूबाई जिना उतरली. टपालपेटी नाक्यावरच होती. पेटीपाशी उभी राहून तिने पाकिटाकडे पाहिलं. आतली अक्षरं तिला वाचता आली नसती, पण कुठेतरी आपलं नाव आहे हे माहीत होतं. पाकीट टाकलं तर साहेब परदेशातल्या शहाण्या माणसांपुढे खोटे पडणार. तिकडे कोणीतरी विचारणार, फोटो पाठवा. टाकू नये, गटारात सोडावं, तर साहेब रोज उत्तराची वाट बघत बसणार, आणि त्या वाट बघण्यालाही तिलाच रोज साथ द्यावी लागणार. आजवर तिने त्यांच्या आशेला फक्त अडवायचं टाळलं होतं. आता तिच्या हाताने ती आशा पुढे जाणार होती. रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडला, “ओ मावशी, बाजूला व्हा ना!” तशी ती बाजूला झाली आणि परत जिना चढली.

साहेब खुर्चीतच होते.

“साहेब, पाकीट टाकलं नाय,” ती दारातूनच म्हणाली. आत यायचं धैर्य होईना. “ती नऊ आपली नायेत. आपली मेली. मी मारली.”

आणि मग तिने सगळं सांगितलं. कापूस, मीठ, अळूचं पान, आंबिवली, किटली. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. साहेब नजर नसलेले डोळे तिच्याकडे लावून ऐकत होते.

“मीठ,” शेवटी ते म्हणाले. “मीठ का पण?”

“सडू नये म्हनून.”

त्यांनी काठी गुडघ्याला टेकवून ठेवली. मग हात पुढे केला. तिने पाकीट दिलं. त्यांनी ते शांतपणे फाडलं, चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले.

“मीठ टाकलंस त्याचा राग नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडून सतरा अंडी गेली आहेत. चूक होते. पण मी आंधळा माणूस इथे रोज बसून विचारत होतो, सखूबाई. रोज विचारत होतो आणि तू सांगत होतीस. ते फार लागलं.”

ती पायांकडे बघत उभी होती. आपल्याला आता जा म्हणतील, तर बरं होईल, असं तिला वाटलं. ते म्हणाले नाहीत.

“खरी कुठली?” त्यांनी विचारलं.

“खिडकीतली दोन. त्यांना मी हात लावला नव्हता.”

त्या दिवशी नऊ बेडकं बादलीतून परसामागच्या ओहोळात गेली. सखूबाई दुसऱ्या दिवशी कामावर आली, तिसऱ्या दिवशी आली. साहेब तिच्याशी गरजेपुरतं बोलत. आणि एक नवीन रीत सुरू झाली. सकाळी ते हाक मारायचे, “सरस्वतीबाई, जरा येता का?” सरस्वतीबाई नाकाला पदर लावून यायच्या, दोन हातांवरून खिडकीतल्या वाट्यांत डोकावायच्या आणि सांगायच्या, “दोन आहेत. हलताहेत. शी!” साहेब म्हणायचे, “आभारी आहे.” सखूबाई त्याच वेळी ओट्यापाशी पोळ्या लाटत असायची.

ते तिला झोंबायचं. पण त्यात अन्याय आहे असं काही तिला म्हणता येईना. आपला शब्द आपणच घालवला, आता तो दुसऱ्याच्या तोंडून येतो, यात रागवायचं कोणावर? पुढेपुढे साहेबांनी हाक मारायच्या आधी तीच शेजारचं दार वाजवून सरस्वतीबाईंना घेऊन यायला लागली. त्या वैतागायच्या. “तुला दिसत नाही का गं? तूच सांग ना.” सखूबाई म्हणायची, “तुमीच सांगा.”

त्या दोन पिल्लांचं मात्र तिने जिवापलीकडे केलं. पाणी रोज बदललं. मिठाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला, आणि भाजीत मीठ घालून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वाट्यांकडे फिरकली नाही. ही दोन भराभर वाढणारी नव्हती. गणपती आले, गेले. मागचे पाय आले, पण पुढच्यांचा पत्ता नव्हता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, नाक्यावर देवीच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते तेव्हाची ही सकाळ. सखूबाईने खिडकीतल्या वाटीवरची जाळी उचलली आणि तिचा हात तसाच राहिला. पिल्लू पाण्याबाहेर होतं. बदामाच्या पानावर चढून बसलं होतं. शेपटीचा एक तुकडा उरला होता, आणि अंग काळं होतं, त्यावर हिरवं.

ती तशीच दाराकडे निघाली.

“कुठे चाललीस?” साहेबांनी विचारलं. पावलांच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं.

“सरस्वतीबाईंना बोलवाला. एक भायेर आलंय.”

साहेबांचा हात काठीवर होता तो थांबला. त्यांनी एकदा दाराच्या दिशेने मान वळवली, मग खिडकीच्या.

“त्या कशाला?” ते म्हणाले. “तू सांग.”

सखूबाई परत आली. वाटी उचलून उजेडात धरली. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने दंडाने पुसले, कारण नीट दिसायला पाहिजे होतं.

“कालं हाय. मोठ्यांसारखंच कालं. पाठीवर हिरवा पट्टा हाय, डोल्यापासून निघालाय, मंग खाली एक ठिपका. हिरवा म्हंजे पोपटी नाय, जरा निलसर.”

साहेब खुर्चीत पुढे झुकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर तोच उजेड आला होता, जो त्या दिवशी वाट्यांच्या कडेवरून बोट फिरवताना आला होता. सखूबाईने वाटी जराशी फिरवली. पिल्लाने पानावर पाऊल टाकायचा प्रयत्न केला आणि घसरलं. तिने पुन्हा पाहिलं. पुढचे दोन्ही पाय काडीहून बारीक होते, दोऱ्यासारखे, आणि अंगाखाली दुमडून जात होते. अशाने पिल्लाला भक्ष्य धरता येत नाही, उभंही राहता येत नाही, हे कळायला पुस्तक लागत नव्हतं.

साहेबांना ते दिसणार नव्हतं. सरस्वतीबाईंना कळलं नसतं. हे एवढंच सांगायचं राहिलं असतं तर साहेब आज पोटभर जेवले असते, कदाचित दोन-चार दिवस नुसत्या आनंदात राहिले असते, आणि मग पिल्लू गेलं म्हणून सांगता आलं असतं. पिल्लं जातातच. तिच्या मनात हे सगळं एका श्वासात येऊन गेलं आणि तिला त्यांची फार दया आली.

“साहेब, पन पुढले पाय बारीक हायेत,” ती म्हणाली. “दोऱ्यासारखे. अंग पेलत नाय त्यांना. मना नाय वाटत यो जगेल.”

साहेब मागे टेकले. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू विझला, आणि तिने तो विझताना पाहिला. या वेळी तोंड फिरवलं नाही. खाली मांडववाल्यांची ठोकाठोक चालली होती, ती थांबली, पुन्हा सुरू झाली. साहेबांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि खुर्ची ओढून खिडकीच्या, तिच्या आणखी जवळ आणली.

“बरं,” ते म्हणाले. “आता दुसऱ्याचं सांग.”

सखूबाईने हातातली वाटी खाली ठेवली आणि दुसरी उजेडात घेतली.